थांबण्याचा निरोप

पहाटेचे तीन वाजलेले असतात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर अजून कोणाच्या घरात दिवा लागलेला नसतो. समोरच्या पाण्यातला सिंधुदुर्ग किल्लाही अंधारातून वेगळा दिसत नाही. माणसे गाढ झोपेत असतात, पण त्यांच्या शरीरातला दिवस मात्र उजाडू लागलेला असतो. मध्यरात्रीच्या सुमारास पार तळाला गेलेले कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक या वेळी रक्तात पुन्हा चढू लागते. यकृत साखर सोडायला लागते, रक्तदाब हळूहळू वर येतो, स्नायूंना कामाची तयारी मिळते. जाग येईपर्यंत कॉर्टिसॉलची पातळी दिवसातल्या सर्वांत वरच्या टप्प्याजवळ पोचते आणि डोळे उघडल्यावर पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेते. रापणीचे जाळे ओढायला निघालेला माणूस, पाटीत मासळी भरून बाजार गाठणारी बाई, पहिल्या एसटीने कुडाळला जाणारा विद्यार्थी, या सगळ्यांना अंथरुणातून उठवून उभे करणारे बळ हेच.

म्हणून सकाळच्या या चिंतनात एक गोष्ट आधी मनात धरावी. ज्याला आपण ताणाचे संप्रेरक म्हणतो आणि ज्याच्या नावाने बोटे मोडतो, त्याच्याच जोरावर आपण आज उठलो आहोत.

हे संप्रेरक जिथे तयार होते त्या अधिवृक्क ग्रंथी दिसायला अगदी किरकोळ. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक बसलेली. उजवी त्रिकोणी, डावी अर्धचंद्राकृती. वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम. सोळाव्या शतकात युस्टाचियस या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने त्यांची नोंद केली, पण त्या करतात काय, हे पुढची तीनशे वर्षे कोणाला सांगता आले नाही. १८५५ मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी काही रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी दिवसेंदिवस अशक्त होत गेले, त्यांचे वजन घटले, कातडी काळवंडली आणि शेवटी ते दगावले. मृत्यूनंतर पाहिले तर या ग्रंथी नासलेल्या होत्या आणि त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत कारण क्षयाचे होते. एवढासा तुकडा निकामी झाला तर माणूस जगत नाही, हे तेव्हा कळले.

या ग्रंथीत दोन कारखाने एकत्र नांदतात. आतला गाभा ॲड्रिनालिन बनवतो. त्याला हुकूम थेट मज्जातंतूंमार्फत मिळतो, त्यामुळे तो क्षणात काम करतो. बाहेरचे आवरण तीन थरांचे. सर्वांत वरचा थर शरीरातल्या मिठाचा समतोल सांभाळतो, मधला कॉर्टिसॉल तयार करतो आणि सर्वांत आतला पुरुषी गुणधर्माची सौम्य संप्रेरके बनवतो. आवरणातले रक्त गाभ्यातून वाहत जाते. त्या रक्तातल्या भरपूर कॉर्टिसॉलमुळेच गाभ्यात ॲड्रिनालिन बनवणारे विकर कामाला लागते. शेजारी राहणाऱ्या दोघांचे असे हे देणेघेणे.

कॉर्टिसॉलचा साठा शरीर करून ठेवत नाही. मागणी आली की पेशी कोलेस्टेरॉल घेतात, ते मायटोकॉन्ड्रियात नेतात आणि एकामागून एक पायऱ्यांनी ताजे कॉर्टिसॉल घडवतात. मागणी येते मेंदूकडून. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचा निरोप सोडतो. तो लगत खाली असलेल्या पियुषिका ग्रंथीला मिळतो. ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते रक्तातून उतरत अधिवृक्क ग्रंथींपर्यंत येते. या साखळीतला पहिला निरोप शोधायला शास्त्रज्ञांना तीन दशके लागली. विली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंतून तो वेगळा काढला आणि १९८१ मध्ये त्याची रचना जगापुढे ठेवली. शरीर इतक्या थोड्या मात्रेत बोलते आणि तरी त्याचे म्हणणे नेमके पोचते.

इथवरची गोष्ट हुकमाची आहे. माझ्या मते खरे शहाणपण तिच्या पुढच्या भागात आहे. तयार झालेले कॉर्टिसॉल रक्तातून फिरत पुन्हा मेंदूत पोचते आणि ज्याने हुकूम दिला त्याच हायपोथॅलॅमसला, त्याच पियुषिकेला सांगते, की पुरे झाले, आता थांबा. निरोप कमी होतो, एसीटीएच उतरते, ग्रंथी शांत होते, रक्तातले कॉर्टिसॉल यकृत हळूहळू निकालात काढते. म्हणजे ताणाचे हे संप्रेरक जन्माला येतानाच स्वतःच्या शेवटाची सोय बरोबर घेऊन येते.

आपल्या खाडीकाठच्या खार बंधाऱ्यांना उघाडी असते. गोव्यात तिला मानस म्हणतात. तिच्या झडपा बसवलेल्याच अशा असतात, की भरती चढू लागली की खारे पाणीच त्यांना ढकलून बंद करते आणि शेत वाचते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि साचलेले पाणी खाडीत जाते. दार लावायला कोणाला रात्री उठून जावे लागत नाही. जे पाणी चढते तेच दार लावते. शरीराने कॉर्टिसॉलसाठी नेमकी हीच रचना केली आहे.

ही झडप दोन वेगांनी काम करते. कॉर्टिसॉल वाढत असतानाच काही मिनिटांत मेंदूचा पहिला प्रतिसाद येतो आणि निरोपांचा जोर ओसरतो. दुसरा प्रतिसाद सावकाश, काही तासांनी येतो. तो पेशीच्या केंद्रात शिरून निरोप घडवणाऱ्या जनुकांचेच काम मंद करतो. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसॉल ओळखणारी ग्राहके भरपूर असतात. तीही दोन प्रकारची. एक प्रकार थोड्याशा कॉर्टिसॉलनेही भरतो आणि रोजचा कारभार पाहतो. दुसरा पातळी बरीच वर गेली तरच जागा होतो आणि आवरायला सांगतो.

वैद्यकाने या झडपेची परीक्षा घेण्याची एक सुंदर रीत काढली आहे. कॉर्टिसॉल साधे मोजायचे असले तरी डॉक्टर रक्त सकाळी आठच्या सुमाराला मागतात, कारण वेळ माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. सकाळी योग्य असलेली पातळी रात्री आढळली तर ती आजाराची खूण ठरू शकते. शरीर गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल बनवते आहे असा संशय आला, तर रोग्याला रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देतात. ही गोळी मेंदूला कॉर्टिसॉलसारखीच भासते, पण तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून मोजली जात नाही. निरोगी मेंदू समजतो, की कॉर्टिसॉल पुरेसे आहे, आणि रात्रभर एसीटीएच सोडत नाही. सकाळी आठला रक्त घेतले की कॉर्टिसॉल डेसिलीटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आलेले दिसते. ते खाली आले नाही तर पुढचा शोध सुरू होतो. ग्रंथी किती बनवते, यापेक्षा थांब म्हटल्यावर थांबते का, हे ही तपासणी विचारते. आपल्या प्रकृतीबद्दल, आणि स्वभावाबद्दलही, याहून नेमका प्रश्न मला माहीत नाही.

संकट खरोखर येते तेव्हा काय होते, तेही पाहू. पात, म्हणजे मासेमारीची होडी, समुद्रात आहे, जाळे अर्धे ओढून झाले आहे आणि वाऱ्याने एकाएकी दिशा बदलली. तांडेलाच्या तोंडून शब्द फुटण्याआधी सगळ्यांच्या ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रिनालिन सुटलेले असते. छाती धडधडते, हाताला जोर येतो, भूक-तहान मागे पडते. पण ॲड्रिनालिन रक्तात फार टिकत नाही; काही मिनिटांत त्याचा अंमल उतरू लागतो. कॉर्टिसॉल मागून येते आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठते. तोवर पात बऱ्याचदा वाऱ्यातून बाहेर पडलेली असते. मग इतक्या उशिरा येऊन ते करते काय? ते खर्च झालेली साखर भरून काढते आणि संकटाशी लढायला उठलेल्या शरीराच्या फौजेला आवरते. सूज, रोगप्रतिकार, रक्तवाहिन्यांची उलघाल, या सगळ्यांना मर्यादेत ठेवते. १९८४ मध्ये ॲलन मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार ठामपणे मांडला. आपल्या बचावाची तयारी आपल्यावरच उलटू नये, ही कॉर्टिसॉलची जबाबदारी. म्हणजे जे ताणाबरोबर येते, तेच त्या ताणाला लगामही घालते.

हा कारभार फक्त माणसाचा नाही. रापण ओढून वाळूवर आली की बांगडे तडफडतात, चांदीसारखा लखलखाट उठतो, पाट्या पुढे येतात. त्या प्रत्येक बांगड्याच्या रक्तातही कॉर्टिसॉल उसळलेले असते. माशांना आपल्यासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी नसते. मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात विखुरलेल्या पेशी तेच काम करतात आणि त्यांतून निघणारे संप्रेरक रेणूने रेणू आपलेच असते. जाळ्यात फार वेळ झगडलेल्या माशाच्या स्नायूंतली साखर संपते, तो लवकर ताठरतो आणि त्याची प्रत उतरते. मासळी विकणाऱ्या बाईला हे रसायन ठाऊक नसेल, पण तिचा अंगठा माशाच्या पाठीवर दाबून त्याचा निकाल सांगतो.

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा मालवणजवळच्या तोंडवळीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. पाण्यातून वर येताना मादी फार सावध असते. उजेड दिसला, हालचाल जाणवली तर परत फिरते. पण एकदा खड्डा खणून अंडी घालू लागली, की ती सहसा उठत नाही. याच जातीच्या कासवांवर कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात अभ्यास झाला. तिथे सामूहिक विणीसाठी आलेल्या माद्यांना मुद्दाम अडचणीत टाकले, तरी त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक बऱ्याच जणींमध्ये फारसे चढले नाही. ज्या कामासाठी समुद्र ओलांडून आली ते पुरे होईपर्यंत शरीराने धोक्याची घंटाच हळू केलेली असते. निसर्गात ताणाला केव्हा उठू द्यायचे आणि केव्हा बसवून ठेवायचे, याचा हिशोब असा पक्का असतो.

आपला हिशोब बिघडतो तो इथे. कासवाच्या संकटाला आणि वाऱ्यात सापडलेल्या पातीला शेवट असतो. आपल्या काही ताणांना तो नसतो. बोटीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटीला विश्रांती मिळते, हप्त्याला मिळत नाही. किनाऱ्याजवळची मासळी विरळ होते, पर्ससीनच्या जाळ्यांवरून वाद पेटत राहतो, डिझेल महागते. रात्री बाजूला पडलेली बायको विचारते, ‘झोप लागली नाय?’ आणि उत्तर येते, ‘हप्त्याचा काय करूचा गो?’ अशा रात्री हायपोथॅलॅमसला पुरे झाल्याची खूणच मिळत नाही. कॉर्टिसॉलने थांबा म्हटले, तरी दुसऱ्या बाजूने चिंतेचा निरोप येतच राहतो.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणावरून गेले. १६ मे २०२१ ला तौक्ते सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेले. होड्या फुटल्या, माड आणि आंब्याची झाडे आडवी झाली, कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज आली नाही. वादळ एका रात्रीत पुढे सरकले. पण पंचनामा, भरपाईची वाट, पुन्हा जाळे विकत घेण्याची तजवीज महिनोन् महिने चालली. वादळाच्या रात्री कॉर्टिसॉल चढणे योग्यच होते. त्याने माणसांना तगवले. त्यानंतरच्या प्रत्येक अर्जाने, प्रत्येक हेलपाट्याने ते पुन्हा पुन्हा चढत राहिले तर त्याची किंमत शरीर चुकवते.

ही किंमत काय असते, हे आता बरेच कळले आहे. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवून दिले, की उंदरांना कोणत्याही प्रकारे त्रास दिला तरी त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. १९९३ मध्ये ब्रूस मॅकईवेन आणि इलियट स्टेलर यांनी या साचत जाणाऱ्या झिजेचा विचार मांडला. सतत चढलेल्या कॉर्टिसॉलने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, पोटाभोवती चरबी बसते, हाडे विरळ होतात, जखम लवकर भरत नाही, झोप तुटते. आणि ज्या हिप्पोकॅम्पसने थांबा म्हणायचे, त्याचेच बळ कमी होऊ लागते. मग झडप सैल पडते आणि पुढचा ताण ओसरायला आणखी वेळ घेतो.

कोणता ताण हे संप्रेरक सर्वांत जास्त चढवतो? २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला. जिथे परिस्थिती आपल्या हातात नसते आणि त्याच वेळी चार लोक आपल्याला जोखत असतात, तिथे कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ लावते. आपल्या गावांत हे वाक्य कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांनी किती मुलींची झोप उडाली, किती दहावी-बारावीच्या पोरांच्या पोटात गोळा आला, किती कर्जबाजारी बापांनी घराबाहेर पडणे सोडले! आपण दुसऱ्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या ग्रंथींना हुकूम देत असतो, हे ध्यानात ठेवले तर पारावरची बरीच बोलणी आपोआप सौम्य होतील.

आणखी एक झडप आहे उजेडाची. डोळ्यांतून आलेला प्रकाश मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस-रात्र सांगतो आणि ते घड्याळ कॉर्टिसॉलचा चढ-उतार ठरवते. दशावतारी मंडळींचे जीवन पाहा. जत्रेच्या हंगामात खेळ मध्यरात्रीच्या आसपास उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कलाकार लिखित संहितेशिवाय संवाद रचत जातो. राजाच्या प्रवेशाला तालावर पाऊल टाकताना त्याच्या छातीत जे उसळते ते ॲड्रिनालिनच. मग उजाडताना रंग पुसून तो झोपायला जातो, नेमका ज्या वेळी त्याचे शरीर त्याला उठवू पाहत असते. रात्रपाळीची परिचारिका, बर्फाच्या कारखान्यातला कामगार, रात्रीच्या बोटीवरचा खलाशी, सगळ्यांची अडचण हीच. घड्याळ सरकते, पण सावकाश. पाळी दर आठवड्याला बदलत राहिली तर ते कधीच पोचत नाही. अशा माणसांची दिवसाची झोप घरच्यांनी रात्रीच्या झोपेइतकीच जपायला हवी. खिडकीला जाड पडदा, दारात शांतता, फोन दूर, यासाठी पैसे लागत नाहीत.

बाहेरून आपण या रचनेत काय मिसळतो, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. खोकल्याला ज्येष्ठमध चघळणे आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे आणि थोड्या दिवसांसाठी ते ठीकच. पण मूत्रपिंडात एक विकर असते. ते कॉर्टिसॉलला निष्क्रिय करते, म्हणजे मिठाच्या कारभारात त्याची ढवळाढवळ होत नाही. ज्येष्ठमध या विकराला अडवते. ते रोज भरपूर घेतले तर शरीरात मीठ अडकते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. तेच विकर गरोदर बाईच्या वारेतही असते आणि आईच्या कॉर्टिसॉलपासून पोटातल्या बाळाला बरेचसे झाकून ठेवते. आईच्या ताणातही बाळाला शांत जागा मिळावी, एवढी काळजी शरीराने घेतलेली आहे.

याहून मोठा प्रश्न स्टिरॉइडचा, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणाऱ्या औषधांचा. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडाल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. या औषधाने असंख्य माणसांचा जीव वाचवला आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवले, की कोविडच्या व्हेंटिलेटरवरील रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांश कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र त्याचा लाभ नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. त्यात वाढलेल्या मधुमेहाबरोबर गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिलेल्या स्टिरॉइडचाही हात होता.

बाहेरून स्टिरॉइड येत राहिले की मेंदूला वाटते, काम भागले. तो एसीटीएच पाठवणे बंद करतो. काम नसलेली ग्रंथी आक्रसत जाते. काही आठवड्यांहून जास्त चाललेली गोळी एके दिवशी अचानक सोडली, तर शरीराजवळ ना बाहेरचे राहते ना स्वतःचे. तेव्हा आलेला साधा ताप किंवा जुलाबही जिवावर बेतू शकतो: अंगात त्राण नाही, उलट्या, घसरलेला रक्तदाब. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि ग्रंथीला पुन्हा जागे व्हायला आठवडे, कधी महिने देतात. आपल्या दमट हवेत नायटा घरोघरी असतो आणि त्यावर कोणीतरी सुचवलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावले जाते. खाज तेवढ्यापुरती थांबते, नायटा मात्र पसरतो आणि कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याच अनुभवातून.

अलीकडे ‘ॲड्रिनल थकल्या आहेत’ असे सांगून पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. ताणाने या ग्रंथी अशा थकून बसतात याला शास्त्रीय आधार नाही. माणूस थकतो, ते खरे. त्याची कारणे पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप, उदासपण अशी शोधावी लागतात. आणि ज्याला खरोखर ॲडिसनचा आजार आहे, ज्याचे वजन घटते आहे, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडत आहेत, सारखे मीठ खावेसे वाटते आहे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, त्याने पुड्यांत दिवस न घालवता ओरोसचे सरकारी रुग्णालय किंवा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठावे. आपल्या देशात क्षय अजून सरलेला नाही, त्यामुळे हा आजारही पुस्तकात गेलेला नाही.

मग रोजच्या जगण्यात आपण काय करायचे? शरीराला शेवट दिसू द्यायचा. झोपण्याची आणि उठण्याची वेळ ठरलेली ठेवायची, कारण झडपेचे वेळापत्रक त्यावर चालते. सकाळचा उजेड अंगावर घ्यायचा, रात्रीचा कमी करायचा. भांडण झाले तर ते निजण्यापूर्वी मिटवायचे. चिंता एकट्याच्या छातीत ठेवायची नाही. आपल्या ओसरीवर संध्याकाळी ज्या गजाली होतात, त्यांनी शरीर सैल पडते, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि जवळच्या माणसाच्या सोबतीने कॉर्टिसॉलचा चढ कमी राहतो, असे प्रयोगांतही दिसले आहे. सावकाश श्वास सोडत काही मिनिटे बसल्याने हृदयाची गती उतरते. ही सगळी साधने साधी आहेत आणि ती रोज वापरली तरच लागू पडतात.

पण सगळा भार एकट्या माणसावर टाकणे न्याय्य होणार नाही. ज्याची नुकसानभरपाई वर्षभर अडली आहे त्याला प्राणायाम सांगून भागत नाही. त्याच्या अर्जाचा निकाल अमुक तारखेला लागेल असे पक्के कळले, तरी त्याचे शरीर अर्धे निवांत होईल. काय घडणार हे न कळणे हाच या संप्रेरकाला मोठा इशारा असतो. बँकेने बंदीच्या महिन्यांचा हप्ता पुढे ढकलावा, पंचनामा वेळेत व्हावा, हवामानाचा इशारा प्रत्येक होडीपर्यंत पोचावा, परीक्षेच्या निकालावरून पोराला चारचौघांत बोलू नये. या गोष्टी आरोग्यखात्याच्या यादीत कुठे लिहिलेल्या नसतात, पण कितीतरी रक्तदाब यांनीच उतरतील, असे मला मनापासून वाटते.

ताणाशिवाय कोणी जगत नाही आणि जगूही नये. पहाटे तीनला रक्तात चढणारे कॉर्टिसॉल नसते तर आपण आजचा दिवस पाहिलाच नसता. ज्याचा ताण चढतो आणि ओसरतोही, तो माणूस निरोगी. तेव्हा आज आपल्या हाती असेल तर एखाद्या माणसाचे वाट पाहणे संपवा: अडलेली सही करा, थकलेली मजुरी द्या, थांबलेले उत्तर कळवा. आणि घरात कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांना सकाळीच सांगून ठेवा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या सुरू करायच्या नाहीत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या एकदम बंदही करायच्या नाहीत.